पिट आणि पॅडॉक : नूतनीकरणाचा खर्च कोणी सोसावा?

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. मोटार शर्यतीच्या सर्किटवरील पिट आणि पॅडॉक यांच्या नूतनीकरणाचा आणि प्रशासकीय सेवेच्या परीक्षेचा संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तथापि भूसंपादन, केंद्र व राज्य यांच्यातील करविषयक अधिकार, आंतरराष्ट्रीय करआकारणी, सार्वजनिक मालमत्तेची देखभाल आणि खासगी भांडवलाची जोखीम हे आपल्या अभ्यासक्रमातील पाच स्वतंत्र घटक या एका विषयात एकत्र येतात. पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत विभागलेले प्रश्न वास्तवात एकाच जागेवर कसे उभे राहतात, हे समजण्यासाठी असे उदाहरण उपयोगी पडते. म्हणून मी तीन देशांतील तीन सर्किटांचा आधार घेणार आहे : इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन, कॅनडातील माँट्रियल आणि आपल्या देशातील ग्रेटर नोएडा.

पिट आणि पॅडॉक म्हणजे काय?

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. मुख्य धावपट्टीला समांतर अशी जी अरुंद मार्गिका असते तिला पिट लेन म्हणतात. तिच्या एका बाजूला प्रत्येक संघाची गॅरेजे ओळीने असतात. शर्यत चालू असताना गाडी येथे येते, चारही चाके बदलली जातात आणि दोन-तीन सेकंदांत ती पुन्हा धावपट्टीकडे रवाना होते. गॅरेजांच्या मागील बंदिस्त आवाराला पॅडॉक म्हणतात. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर शर्यतीपूर्वी घोडे ज्या आवारात फिरवून दाखवतात, त्यालाही पॅडॉकच म्हणतात. मोटार शर्यतीत येथे संघांची कार्यालये, मालवाहू वाहने, टायर आणि इंधनाची व्यवस्था, वैद्यकीय केंद्र, गाड्यांच्या तांत्रिक तपासणीची जागा, शर्यत नियंत्रण कक्ष आणि वृत्तप्रतिनिधींची दालने असतात. गॅरेजांच्या वरच्या मजल्यावर निमंत्रित व उच्च शुल्क भरणाऱ्या प्रेक्षकांची सोय केलेली असते. या प्रेक्षकांकडून होणारे उत्पन्न स्पर्धेच्या अर्थकारणात महत्त्वाचे असते.

या इमारती भिंती मजबूत असतानाही कालबाह्य ठरतात, आणि त्याची कारणे चार आहेत. पहिले कारण सुरक्षिततेच्या नियमांत होणारे बदल. १९९४ च्या हंगामातील अपघातांनंतर फॉर्म्युला वनमध्ये पिट लेनमधील वेगावर मर्यादा आली. त्याच वर्षापासून शर्यतीदरम्यान इंधन भरण्याची मुभा होती, ती २०१० पासून बंद झाली. असा प्रत्येक बदल जागेच्या मांडणीवर परिणाम करतो. दुसरे कारण तंत्रज्ञान. २०१४ पासून गाड्यांत संमिश्र ऊर्जाप्रणाली आली आणि उच्च दाबाच्या बॅटरी हाताळण्याची दक्षता गॅरेजांत घ्यावी लागू लागली. विजेची आणि माहितीवहनाची गरजही अनेक पटींनी वाढली. तिसरे कारण संघांची संख्या. २०२६ च्या हंगामापासून फॉर्म्युला वनमध्ये दहाऐवजी अकरा संघ झाले आणि त्यांच्यासाठी जागा करणे सर्किटांना क्रमप्राप्त झाले. चौथे कारण व्यापारी आहे. नवी सर्किटे अधिक भव्य सुविधा देऊ लागली की जुन्या सर्किटांना त्यांची बरोबरी करावी लागते.

याला जोड आहे ती परवान्याची. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजेच एफआयए, सर्किटांना श्रेणी देतो. फॉर्म्युला वनसाठी पहिली श्रेणी आवश्यक असते आणि हा परवाना अधिकाधिक तीन वर्षांसाठी असतो. म्हणजे सर्किट एकदा बांधून काम संपत नाही. तपासणी, दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी हे चक्र अखंड चालू राहते. भांडवली खर्च एकदाच डोळ्यांत भरतो, पण आवर्ती खर्च दरवर्षी दार ठोठावतो, हे सूत्र येथे ध्यानात ठेवावे.

सिल्व्हरस्टोन : क्लबच्या मालकीचा अनुभव

सिल्व्हरस्टोन हा मुळात दुसऱ्या महायुद्धातील विमानतळ. १३ मे १९५० रोजी जागतिक अजिंक्यपद मालिकेची पहिली शर्यत येथेच झाली. त्याची मालकी १९२८ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबकडे आहे. येथील पिट आणि पॅडॉक जुने झाले आहेत, ही तक्रार शर्यतीचे व्यापारी हक्क असणाऱ्यांनी वर्षानुवर्षे केली. परिणामी जुलै २००८ मध्ये ब्रिटिश ग्रां प्री सतरा वर्षांसाठी डॉनिंग्टन पार्क या दुसऱ्या सर्किटला देण्यात आली. परंतु डॉनिंग्टनला नूतनीकरणासाठी लागणारे सुमारे १३.५ कोटी पौंड उभे करता आले नाहीत आणि २००९ च्या अखेरीस शर्यत सिल्व्हरस्टोनकडे परतली. तीही सतरा वर्षांच्या कराराने.

या करारापाठोपाठ सिल्व्हरस्टोनने सुमारे २.७ कोटी पौंड खर्चून 'विंग' नावाचा नवा पिट व पॅडॉक संकुल उभारला. २०११ साली तो खुला झाला. केवळ इमारत बदलली नाही, तर शर्यतीचा आरंभबिंदूच सर्किटच्या दुसऱ्या भागात हलविण्यात आला. जुनी पिट लेन मात्र पाडली नाही. लहान स्पर्धांसाठी ती वापरात राहिली. त्यामुळे एकाच आवारात दोन स्वतंत्र स्पर्धा घेणे शक्य झाले. विद्यमान मालमत्तेचा पुनर्वापर कसा करावा याचे हे चांगले उदाहरण आहे.

तरीही हिशेब जुळला नाही. करारानुसार यजमानपदाचे शुल्क दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत होते. २०१० मध्ये १.१५ कोटी पौंड असलेले शुल्क २०१७ पर्यंत १.६२ कोटी पौंडांवर गेले. चक्रवाढीने हा आकडा २०२६ मध्ये अडीच कोटींच्या घरात गेला असता. प्रेक्षकांची तुडुंब गर्दी असूनही क्लबला २०१५ मध्ये २८ लाख आणि २०१६ मध्ये ४८ लाख पौंडांचा तोटा झाला. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे उत्पन्न यजमानाकडे येत नव्हते. त्याच्या हाती प्रामुख्याने तिकीटविक्री उरत होती. अखेर जुलै २०१७ मध्ये क्लबने करारातील मुदतपूर्व समाप्तीचे कलम वापरले. वाटाघाटीनंतर २०१९ मध्ये नवा करार झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो २०३४ पर्यंत वाढविण्यात आला.

मध्यंतरी क्लबने आणखी एक मार्ग अवलंबिला होता. २०१३ साली सर्किटभोवतालची जमीन ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका मालमत्ता विकास कंपनीला देऊन ३.२ कोटी पौंड मिळविण्यात आले आणि त्यातून कर्जाचा भार हलका झाला. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय मुद्रीकरण योजनेत क्रीडा संकुलांचाही समावेश होता, हे येथे आठवावे. मालमत्तेचे मुद्रीकरण म्हणजे मालमत्ता विकून टाकणे नव्हे, तर मालकी कायम ठेवून तिच्या वापराच्या हक्कातून निधी उभा करणे होय.

माँट्रियल : लोकनिधीचा मार्ग

दुसरे उदाहरण कॅनडाचे. माँट्रियलमधील जील व्हिल्नव सर्किट सेंट लॉरेन्स नदीतील नोत्र दाम या कृत्रिम बेटावर आहे. १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी हे बेट तयार करण्यात आले. १९७८ पासून येथे शर्यत होते. बेट हे सार्वजनिक उद्यान आहे आणि शर्यतीचा काळ वगळता याच रस्त्यावर नागरिक सायकली चालवितात, फिरावयास येतात. म्हणजे सर्किट हे शहराच्या दैनंदिन जीवनाचा भाग आहे.

येथील पिट संकुल १९८८ च्या सुमाराचे होते. तीस वर्षांत ते अपुरे झाले आणि नव्या इमारतीची अट शर्यतीच्या करारातच घालण्यात आली. सुरुवातीला २०१७ ची मुदत होती. ती गाठणे शक्य नसल्याने ती २०१९ पर्यंत वाढविण्यात आली आणि त्याबरोबर करारही २०२९ पर्यंत लांबला. खर्च सार्वजनिक निधीतून झाला व तो पाच कोटी कॅनेडियन डॉलरांहून अधिक होता. २०१८ आणि २०१९ च्या दोन शर्यतींच्या दरम्यान, सुमारे दहा महिन्यांत, कॅनडाचा हिवाळा सोसत जुनी इमारत पाडून नवी उभारण्यात आली. तिच्या छतासाठी लाकडाचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. २०२५ मध्ये करार आणखी वाढून २०३५ पर्यंत गेला.

लोकनिधी वापरताना माँट्रियलच्या नागरिकांना एक जुनी आठवण असणारच. १९७६ च्या ऑलिंपिक स्टेडियमचे कर्ज या शहरात २००६ साली, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी फिटले. त्यासाठी तंबाखूवरील विशेष कराचा आधार घ्यावा लागला. क्रीडासोहळा पंधरा दिवसांत संपतो, त्याचे देणे मात्र पुढच्या पिढीपर्यंत चालू राहू शकते. म्हणून माँट्रियलच्या पॅडॉकमध्ये दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. खर्च करण्यापूर्वी शर्यतीची दीर्घ मुदतीची हमी घेण्यात आली आणि ज्या जागेवर खर्च झाला ती जागा लोकांच्याच मालकीची राहिली.

ग्रेटर नोएडा : आपला अनुभव

आता आपल्या देशाकडे वळू. उत्तर प्रदेशातील गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात यमुना द्रुतगती मार्गालगत बुद्ध इंटरनॅशनल सर्किट उभारण्यात आले. त्याची लांबी ५.१२५ किलोमीटर असून रचना जर्मन अभियंता हर्मन टिल्के यांची आहे. खासगी समूहाने बांधलेल्या या सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी पहिली इंडियन ग्रां प्री झाली. २०१३ पर्यंतच्या तिन्ही शर्यती सेबास्टियन व्हेटेल यांनी जिंकल्या. त्यानंतर ही शर्यत भारतात झालेली नाही.

असे का झाले याचे एकच उत्तर देणे चुकीचे ठरेल. करविषयक वाद हे त्यातील एक ठळक कारण होते. क्रीडा आणि करमणूक हे विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीच्या नोंद ३३ मध्ये येतात. करमणुकीवरील कर नोंद ६२ मध्ये होता. वस्तू व सेवा करासाठी झालेल्या १०१ व्या घटनादुरुस्तीनंतर ही नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांनी आकारावयाच्या करापुरती मर्यादित झाली. उत्तर प्रदेश शासनाने शर्यतीला करमणूक करातून सूट दिली होती. तिला आव्हान देणाऱ्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या शर्यतीपूर्वी तिकीटविक्रीच्या २५ टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचा आदेश दिला. तत्पूर्वी २००९ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने फॉर्म्युला वन हा निखळ क्रीडाप्रकार नसून करमणूक आहे, अशी भूमिका घेतली होती. एखादी गोष्ट क्रीडा की करमणूक, हा वरवर शाब्दिक वाटणारा प्रश्न सवलती, सीमाशुल्क आणि परकीय चलन यांच्याशी थेट जोडलेला असतो.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आणि आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. यजमानपदासाठी परदेशी हक्कधारक कंपनीला ४ कोटी डॉलर द्यावयाचे होते. या उत्पन्नावर भारतात कर लागेल काय? भारत आणि ब्रिटन यांच्यातील दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार, परदेशी कंपनीची येथे स्थायी आस्थापना असेल तरच तिचा व्यवसाय-नफा येथे करपात्र ठरतो. स्पर्धा तीन दिवसांची, मग आस्थापना स्थायी कशी, असा युक्तिवाद झाला. २४ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सर्किट ही निश्चित व्यवसायस्थळाच्या स्वरूपातील स्थायी आस्थापना आहे. स्पर्धा किती दिवस चालली यापेक्षा त्या काळात जागेवर प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे होते, हे न्यायालयाने महत्त्वाचे मानले. पिट आणि पॅडॉकमध्ये कोणी प्रवेश करावयाचा, तेथील आदरातिथ्य, प्रक्षेपण आणि जाहिराती कोणाच्या हाती, या बाबी येथे निर्णायक ठरल्या. याच निर्णयाचा आधार घेत जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हयात हॉटेल समूहाच्या प्रकरणातही असाच निष्कर्ष काढला. म्हणजे इमारतीच्या एका भागावरील नियंत्रणाचा प्रश्न देशाच्या करकायद्यातील मार्गदर्शक तत्त्व बनला.

तिसरा प्रश्न जमिनीचा. यमुना द्रुतगती मार्गाच्या पट्ट्यात, याच जिल्ह्यातील भट्टा पारसौल येथे मे २०११ मध्ये भूसंपादनाच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले आणि त्यात प्राणहानी झाली. देशभरातील अशा संघर्षांच्या पार्श्वभूमीवर १८९४ च्या कायद्याऐवजी २०१३ चा भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहतविषयक कायदा आला व १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. सर्किट ज्या सुमारे १,००० हेक्टरच्या विशेष विकास क्षेत्रात येते, त्याचे वाटप थकबाकीच्या कारणावरून यमुना द्रुतगती मार्ग औद्योगिक विकास प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२० मध्ये रद्द केले. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हा निर्णय ग्राह्य धरला. दरम्यान जून २०२४ मध्ये समूहाच्या प्रमुख कंपनीविरुद्ध दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली.

या काळात सर्किट अगदी ओस पडले होते असे नाही. मालवाहू वाहनांच्या शर्यती, देशांतर्गत स्पर्धा, वाहन कंपन्यांच्या चाचण्या तेथे होत राहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथे मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक स्पर्धा झाली. त्यासाठी वळणांबाहेरील मोकळी जागा, खडीचे पट्टे आणि संरक्षक व्यवस्था यांत सुधारणा कराव्या लागल्या आणि आंतरराष्ट्रीय मान्यता सराव सुरू होण्याच्या तोंडावर मिळाली. उष्म्यामुळे शर्यतीच्या फेऱ्या २४ वरून २१ करण्यात आल्या. २०२४ मध्ये ही स्पर्धा पुन्हा होऊ शकली नाही. एका वर्षासाठी केलेले नूतनीकरण आणि पुढील वर्षांची अनिश्चितता यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते.

तात्पुरत्या सर्किटांचा पर्याय

कायमस्वरूपी बांधकामाऐवजी शहरातील रस्त्यांवर काही दिवसांपुरते पिट आणि पॅडॉक उभारावे, असाही विचार मांडला जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबाद येथे हुसेन सागराच्या काठी विद्युत गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली. मात्र राज्यातील सत्तांतरानंतर २०२४ ची शर्यत रद्द झाली. ऑगस्टअखेर २०२४ मध्ये चेन्नई येथे रस्त्यांवरील रात्रीची शर्यत झाली. अशा व्यवस्थेत देखभालीचा कायमचा भार नसतो. परंतु दर वेळी उभारणीचा खर्च, वाहतुकीची गैरसोय आणि करारातील सातत्याचा अभाव हे प्रश्न उरतात. याउलट चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई आणि कोइंबतूरचे करी मोटार स्पीडवे ही तुलनेने साधी सर्किटे वर्षानुवर्षे खेळाडू घडवीत आली आहेत. आंतरराष्ट्रीय झगमगाट नसला तरी नित्य वापर असेल तर सुविधा टिकते, हा बोध येथे मिळतो.

निष्कर्ष

तिन्ही उदाहरणांतून काही सूत्रे हाती लागतात. पहिले, जो लाभ घेतो त्याने खर्चाचा न्याय्य वाटा उचलावा. सिल्व्हरस्टोनमध्ये इमारतीचा भार यजमानावर आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न दुसऱ्याकडे, या विषमतेतून तोटा निर्माण झाला. दुसरे, नूतनीकरणाची मुदत आणि स्पर्धेच्या कराराची मुदत यांचा मेळ असावा. माँट्रियलने तो घातला. तिसरे, करविषयक धोरण स्पर्धेपूर्वी निश्चित व्हावे. न्यायालयाचा निर्णय कितीही स्पष्ट असला तरी तो सहा वर्षांनी आला, तर त्या सहा वर्षांतील अनिश्चिततेची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. चौथे, प्रकल्प आराखड्यात बांधकामाबरोबर किमान वीस वर्षांच्या देखभालीचा हिशेब असावा. आणि पाचवे, ज्यांच्या जमिनीवर प्रकल्प उभा राहतो त्यांचा विचार लाभ-हानीच्या ताळेबंदात अगोदरच व्हावा. शर्यत निघून गेल्यावर तेथे राहणारे तेच असतात.

याला विरोधी मत नाही असे नव्हे. खासगी पैशाने बांधलेल्या सर्किटच्या तोट्याची चिंता शासनाने का करावी, असे काही अभ्यासक विचारतात. त्यांचा मुद्दा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परंतु जमीन सार्वजनिक प्राधिकरणाकडून मिळालेली असेल, करात सवलत दिलेली असेल आणि प्रकल्प थकीत झाल्यावर बँका व घरखरेदीदार अडकत असतील, तर तो प्रकल्प केवळ खासगी उरत नाही. खासगी नफा आणि सार्वजनिक जोखीम अशी विभागणी होऊ न देणे, हे प्रशासकाचे काम आहे.

मित्रहो, उत्तरपत्रिकेत पायाभूत सुविधांवरील प्रश्न आला की आपण बहुधा रस्ते, बंदरे, वीज यांची यादी देतो आणि गुंतवणुकीचे आकडे मांडतो. त्यासोबत मालकी कोणाची, नियंत्रण कोणाचे, उत्पन्न कोणाचे आणि देखभाल कोणाची, हे चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. उद्या आपल्यापैकी कोणी जिल्हाधिकारी म्हणून क्रीडा संकुलाच्या प्रस्तावावर स्वाक्षरी करील, तर कोणी वित्त विभागात त्या प्रस्तावाची छाननी करील. नकाशावरील सुंदर इमारतीखाली या चार प्रश्नांची लेखी उत्तरे नसतील, तर ती फाईल निःसंकोच परत पाठवा. त्या क्षणी होणारा उशीर पुढील तीस वर्षांच्या देण्यापेक्षा निश्चितच स्वस्त असेल.